वाटीच्या तळाशी

३ एप्रिल

माझं जेवायचं टेबल गेलं. सकाळी उठून बघते तर त्यावर काळ्या पाट्यांचा ढीग, नटबोल्टांचे डबे, निळ्या रबराच्या चौकटी आणि वर चिठ्ठी, "आजी, हात लावू नकोस." माझ्या घरात, मला. चहाचा कप कुठे ठेवायचा ते चिठ्ठीत नव्हतं. शेगडीपाशी उभी राहून प्यायले, आणि उभ्यानं घेतलेला चहा मला पचत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

हा उद्योग माझ्या नातीचा. मुलगा-सून लांब नोकरीला आणि ही इथल्या यंत्रांच्या कारखान्यात, म्हणून आमच्याकडे राहते. लहानपणी हिनं भिंतीतल्या प्लगात खिळा खुपसला होता. झटका बसून कोपऱ्यात जाऊन पडली, आणि रडायचं सोडून विचारते, "आत कोण बसलंय?" तेव्हापासून तिचं नाव खिळा. पुढे काय वाढून ठेवलंय ते आम्ही तेव्हाच ओळखायला हवं होतं.

वहीपण तिनंच आणून दिली. म्हणाली, "वीज कधी गेली, कधी आली, तेवढ्यात आबांचं कसं झालं, सगळं लिहीत जा. संध्याकाळी मला वाचून दाखव." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरीण चांगली होती म्हणून. घड्याळ बघून लिहायला जमणार नाही. तर म्हणते, जमेल तसं लिही. मग लिहीतच बसलेय तर मला वाटेल तेही लिहीन. वाचून दाखवताना काय गाळायचं ते माझं मी बघेन.

आबा म्हणजे माझा म्हातारा. जन्मभर गाद्यांच्या कारखान्यात होता. कापूस, काथ्या, धूळ, सगळं नाकातोंडात. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं आतून ठासून भरल्यासारखी झालीत. हजारो लोकांना झोपवलं आणि आता स्वतःला आडवं होता येत नाही. आडवा झाला की जीव घुसमटतो. खुर्चीत बसून झोपतो. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, मशीनची वायर भिंतीत. वीज गेली की मशीन गप्प आणि म्हाताऱ्याचे ओठ जांभळे. इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळा आला की मान टाकते. जनरेटर लावून बघितला, त्याच्या धुरानं हा आणखी खोकला. ऑक्सिजनचा एक सिलिंडर कोपऱ्यात असतो, पण तो संपला की भरून आणीपर्यंत माणूस वर जाऊन परत येईल. म्हणून नातीनं हे टेबल बळकावलंय.

आज वीज गेली नाही. लिहिलं.

६ एप्रिल

गेली. किती वेळ ते ऐक. बटाटे उकडले, सोलले, गार झाले, तरी आली नव्हती.

सिलिंडर लावला. म्हातारा बरा होता. मीच बरी नव्हते. पंखा बंद झाला की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते. गेल्या उन्हाळ्यात अशीच पडले होते, कपाळावर टाके आहेत. आज मी पडायच्या आधीच न्हाणीघरात जाऊन फरशीवर बसले. म्हातारा नळीसकट दारापर्यंत आला.

"चक्कर आली ना?"

"नाही. फरशी पुसायची होती."

"बसून?"

"तुमच्यासारखी माणसं खुर्चीत बसून झोपतात, मी बसून फरशी पुसते. जा, नळी निसटेल."

गेला नाही. दाराला टेकून उभा राहिला, धापा टाकत. ह्यानं माझं कधी ऐकलंय?

९ एप्रिल

खिळ्यानं आज यंत्र समजावून सांगितलं. मला नको होतं, पण टेबल परत मिळेपर्यंत सुटका नाही.

मला कळलं ते असं. पातळ थर असतात. एका थराच्या एका बाजूनं हायड्रोजन नावाचा गॅस जातो, दुसऱ्या बाजूनं आपली साधी हवा. मध्ये कागदासारखा पडदा. गॅस आणि हवा त्या पडद्यापाशी भेटतात आणि वीज निघते. जळत काही नाही.

"मग धूर?"

"नाही."

"राख?"

"नाही. नुसतं पाणी निघतं."

"एवढ्याशा थरातून?"

"एका थराची वीज टॉर्चलासुद्धा पुरत नाही, आजी. म्हणून एकावर एक रचायचे. एकाची वीज दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात. सगळ्यांची मिळून आबांचं मशीन ओढेल. ह्यालाच स्टॅक म्हणतात."

पण नखरे भारी. पडदा सुकला तर तडकतो. जास्त भिजला तर बुडतो. आणि एक थर जरी बुडला तरी वीज तिथंच अडते, बाकीच्यांनी कितीही जोर लावला तरी सगळा गठ्ठा बसतो.

मी म्हटलं, "म्हणजे एकत्र कुटुंब."

हसली. ही हसली की हिच्या बापासारखी दिसते.

म्हातारा खुर्ची ओढून टेबलाशी आला. काळी पाटी, चौकट, पडदा, चौकट, पाटी, असे थर चढत गेले तसे त्याचे डोळे चमकले. शेवटी वर-खाली जाड लोखंडी फळ्या आणि चार कोपऱ्यांतून लांब बोल्ट. "ही तर गादी," म्हणाला. "थर, थर आणि शेवटी टाके." खिळा एक नट जरासा पिळायची, मग त्याच्या तिरक्या समोरचा जरासा. एकदम आवळला तर एक कोपरा दबतो आणि पडदा फाटतो म्हणे. म्हातारा बोटानं दाखवत बसला, "आता तो. आता हा." तिला सगळं ठाऊक होतं, तरी प्रत्येक वेळी "हो आबा" म्हणत होती. मी बटाटे उरकून घेतले.

१५ एप्रिल

परवा कारखान्यातल्या चाचणीत गठ्ठा बसला. सातवा थर बुडला.

पोरगी आली ती चप्पल न काढताच टेबलाशी. सगळे थर उकलले, भिंग लावून एकेक पाटी बघत बसली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पाट्यांवर कोरलेल्या नाल्या असतात, गॅस आणि हवा जायला. त्या नाल्या जिथं वळतात तिथं पाण्याचा थेंब अडकतो आणि मागचं सगळं तुंबतं, हे शेवटी तिला सापडलं. आता वळणं काढणार, नाल्या सरळ खाली उतरणाऱ्या करणार, आणि गठ्ठा आडवा ठेवणार म्हणजे पाणी आपल्या वजनानं गळून पडेल. मी म्हटलं, हे मोरीकडे बघून पहिल्याच दिवशी कळलं असतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला गेले.

फोनवर तिचे साहेब होते. त्यांना केस नाहीत म्हणून घरात आम्ही टकले साहेब म्हणतो. ते म्हणत होते, घरच्या माणसावर प्रयोग कशाला, आधी लहान दवाखान्यांत लावू. खिळा म्हणाली, "सर, दवाखान्यातली माणसं कुणाच्या घरची नसतात का?" तर म्हणाले, "बरं, आधी तुझ्या घरी लाव." माणूस वाईट नसावा.

२२ एप्रिल

टेबल परत मिळालं. यंत्र गॅलरीत बसलं. हायड्रोजनचा सिलिंडर बाहेर कठड्याला साखळीनं बांधलाय, त्याच्यावर घड्याळासारखी तबकडी. आत खिडकीखाली एक पेटी आणि पेटीला प्लग लावायला जागा एकच. भिंतीतली वीज असली तर ती पेटीतून जाते, गेली की यंत्र आपोआप सुरू. म्हाताऱ्याच्या मशीनची वायर कायम त्या पेटीत. कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्याचा होता, तो परत केला.

खिळ्यानं मुद्दाम मेन स्विच पाडला. घर गप्प झालं आणि ऑक्सिजनचं मशीन घरघरत राहिलं. यंत्राचा म्हणून काही आवाजच नाही, मांजर श्वास घेतं तेवढा. खाली लोंबणाऱ्या नळीतून थेंब पडायला लागले. मी माझी स्टीलची वाटी ठेवली. माझी भाजी चिरून झाली तोवर वाटी भरली. कुंडीतल्या झाडाला घातली. एवढं स्वच्छ पाणी नळालाही येत नाही.

"जागा एकच का ठेवलीस ग?" मी विचारलं.

"कारण यंत्राला तेवढंच झेपतं. दोन दिल्या तर तू पंखा लावशील, आबा रेडिओ लावतील आणि थर बसतील."

"माझ्यावर अविश्वास?"

"तुझ्यावरच."

उचलली जीभ लावली टाळ्याला, अगदी माझ्यावर गेलीय. म्हातारा हसला नाही. कोपऱ्यातल्या टेबलफॅनकडे बघत होता. ऊन डोळ्यांवर येत असेल म्हणून मी पडदा ओढला.

२६ एप्रिल

दुपारी वीज गेली असं म्हातारा सांगतो. मला पत्ता नाही, मी झोपले होते. माझा डावा कान निकामी आहे आणि उजवा मी उशीत घालून झोपते, म्हणजे म्हाताऱ्याचं आणि जगाचं काही ऐकू येत नाही. सुखाची युक्ती आहे.

उठले ती गार वाऱ्यात. पंखा फिरत होता.

"वीज आली का?"

"आत्ताच आली. खूप वेळ नव्हती."

"मग मला घाम कसा नाही आला?"

म्हातारा जरा थांबला. ह्याला बोलायला श्वास गोळा करावा लागतो. "खिळ्याचं यंत्र जोरदार आहे. पेटीला दोन्ही वायरी जोडल्या. दोघांना पुरलं. पण तिला सांगू नको, ओरडेल."

मला तर हसूच आलं. यंत्र बनवणारीला माहीत नाही यंत्र केवढं चांगलं आहे ते. एका जागेत दोन वायरी कशा, म्हटलं, तर म्हणाला जोडणीचा तुकडा आहे, तू त्यात पडू नको. जन्मभर घरातला दिवा ह्यानंच बदललाय, मी कशाला पडू? ह्याचा चेहरा मात्र फार ओढलेला होता. दुपारचं जेवण अर्धं टाकलं होतं, दुसरं काय होणार?

वाटीत फक्त तळ भिजला होता. चमचाभर. तिनं तर म्हटलं होतं दर वेळी भरेल. म्हातारा म्हणाला, उन्हानं वाळलं असेल.

संध्याकाळी वाचून दाखवलं, "वीज गेली, मशीन चाललं, काही त्रास नाही." पंख्याचं गाळलं.

३० एप्रिल

ह्या आठवड्यात दुपारची वीज जवळजवळ रोजच जातेय. मी निवांत झोपते.

खिळा आज गॅलरीत उभी राहून त्या तबकडीवर टिचक्या मारत होती.

"आजी, एवढ्या वेळा वीज गेली आणि गॅस एवढासाच संपला?"

"कमी खातं म्हणून तक्रार करणारी तू पहिलीच बाई."

"तसं नाही. हिशोबात बसत नाही. तबकडी बिघडली असेल."

म्हातारा आतून म्हणाला, "तुझ्या हाताला यश आहे, खिळे. मान्य कर." आणि खोकत सुटला. ती धावली, पाठ चोळली. तबकडी राहिली.

रात्री जेवताना सांगत होती, टकले साहेब खूश आहेत. महिनाभर हे यंत्र घरात असंच चाललं तर डोंगराकडच्या लहान दवाखान्यांसाठी अशीच बनवायची. तिथं बाळंतिणी मेणबत्तीवर बाळंत होतात म्हणे. तिचं ताट तसंच राहिलं आणि हात हवेत. म्हातारा तिच्याकडे बघून नुसती मान हलवत होता. मी म्हटलं, दवाखाने नंतर, आधी भात गार होतोय.

५ मे

म्हाताऱ्याच्या पावलांना सूज. अंगठ्यानं दाबलं तर खळगा तसाच राहतो. ओठांचा रंग मला आवडत नाही. मी त्याला चांगलं सुनावलं. बसून बसून माणूस सुजणार नाही तर काय, घरात दोन फेऱ्या मारा, चार घास जेवा. ऐकून घेतलं. हल्ली ऐकून घेतो, हे काही बरं लक्षण नाही.

आज मध्येच जाग आली. कूस बदलली असेन. बघते तर म्हातारा खिडकीखाली वाकलेला, एक हात पेटीवर, नळी गळ्यात लोंबतेय आणि छाती भात्यासारखी.

"काय चाललंय?"

"वायर... पायात येत होती."

"मला उठवायचं ना."

"झोपलीस की चेहरा माणसासारखा दिसतो तुझा. मोडवत नाही."

"आणि एरवी?"

"एरवी जमादार."

त्याला धरून खुर्चीत बसवलं, नळी नाकात घातली. हात बर्फासारखे. एवढ्या उकाड्यात ह्याचे हात गार आणि मी घामानं भिजते, देवाचा न्याय उलटाच. वाटीत पुन्हा तळाशी चमचाभर. मी विचारायचं सोडलंय.

९ मे

डॉक्टर येऊन गेले. छातीला कान लावून बराच वेळ ऐकत होते. मग खिळ्याला गॅलरीत घेऊन गेले. तिथं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, बहिऱ्या कानाची बाजू होती. आत येऊन म्हाताऱ्याला म्हणाले, "नळी क्षणभरही काढायची नाही. वीज असो नसो. आता तर घरात सोय आहे." म्हातारा म्हणाला, "हो, सोय आहे." शहाण्या मुलासारखं.

ते गेल्यावर मला म्हणतो, "एकदा आडवं पडावंसं वाटतं. पाठ टेकून. आपल्याच कारखान्याच्या गादीवर."

मी म्हटलं, "पडाल हो. घाई काय आहे?"

उशा रचून रचून जरा मागे रेलवलं. पाच मिनिटंही सोसलं नाही.

"मीच ठोकून भरल्यात," म्हणाला, "आणि मलाच टोचतायत."

१३ मे

हे गेले.

१८ मे

घरात माणसं होती ती गेली. मुलगा-सून राहतो म्हणाले, मी त्यांना घालवलं. रडणारी माणसं घरात असली की स्वयंपाक फार करावा लागतो.

जे झालं ते लिहून ठेवते, कारण वही सुरू आहे.

दुपारी जेवणं झाली. मी वाटी पुसून कोरडी करून नळीखाली ठेवली, तशी रोजच ठेवते. ह्यांना म्हटलं, पाणी हवंय? नको म्हणाले. "तू पड. आज फार तापलंय." मी पडले.

उठले तेव्हा पंखा अंगावर वारा घालत होता. ह्यांचं तोंड माझ्याकडे होतं. खुर्ची जरा वळवून घेतली होती. नळी नाकात. हनुवटी छातीवर, तोंड उघडं. मी म्हटलं, "अहो, तोंड मिटा, माशी जाईल." दोनदा म्हटलं. मग उठले. ऑक्सिजनचं मशीन गप्प होतं. ते गप्प आहे हे मला हात लावल्यावर कळलं, ऐकून नाही. मग ह्यांना हात लावला.

शेजारणीनं खिळ्याला फोन केला. ती धावत आली आणि आल्या आल्या ह्यांच्याकडे न बघता खिडकीखाली पेटीपाशी गुडघ्यांवर बसली. माझ्याकडे पाठ. वायरींशी काहीतरी खुडबुड केली. माझं टाळकं फिरलं. आजोबा समोर असे आणि हिला आपलं यंत्र पडलंय. मग उठली, त्यांच्या पायांशी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, माझा स्टॅक बंद पडला. एक थर बुडला. वीज आल्यावरही पेटीनं मशीन सुरू केलं नाही. तुझा पंखा भिंतीतल्या विजेवर होता." मी विचारलं नव्हतं. तिनंच सांगितलं. पंख्याचंसुद्धा.

संध्याकाळी घर भरलेलं, आणि मी काय करत होते? वाटी उचलून कुंडीत पाणी ओतत होते. तळाशी चमचाभर. शेजारीण माझ्याकडे बघत होती. सवयीला सुतक नसतं.

ह्यांना शेवटी गादीवर आडवं ठेवलं. कारखान्यातल्या जुन्या सोबत्यानं नवी कोरी आणली होती. कुठंही टोचलं नसावं.

२३ मे

टेबल पुन्हा गेलं. खिळ्यानं यंत्र आत आणून सगळे थर उकललेत. ह्या वेळी मी काही म्हटलं नाही.

पण ती ते बघत नाहीये. मागच्या वेळी दोन दिवस भिंग डोळ्याला लावून बसली होती. ह्या वेळी थर पसरून ठेवलेत आणि ती भिंतीकडे बघते. भिंग खोक्यातच आहे. मी चहा ठेवायला गेले.

"कुठला थर बुडला?"

"सातवा."

"सातव्याच्या तर नाल्या सरळ केल्यास."

"मग... आठवा असेल."

"असेल म्हणजे? बघितला नाहीस?"

"आजी, माझी चूक होती. यंत्र चांगलं नव्हतं. तू सोड ना ते आता."

हिनं जन्मात कधी आपली चूक मान्य केली नाही. फुटलेली बरणी हातात धरून "ही आधीच तडकलेली होती" म्हणणारी ही. आणि आता एवढी मोठी चूक, न मागता, ताटात वाढून देतेय.

परवा टकले साहेब येणार आहेत, कारखान्याची आणखी दोन माणसं घेऊन. यंत्र का बंद पडलं ते विचारायला. ती त्यांना सांगणार, माझी रचनाच फसली, दवाखान्यांत लावू नका. कागदावर लिहून ठेवलंय, मी टेबल पुसताना बघितलं. हस्ताक्षर इतकं नीटनेटकं की तिचं वाटत नाही.

२४ मे

आज ताटं घासताना कळलं.

जेवढी तोंडं तेवढं खरकटं. एवढं मला चौथीच्याही आधीपासून येतं. दोन माणसं जेवली तर दोन ताटं पडतात, पंगत उठली तर मोरी भरते. पाणी हे त्या यंत्राचं खरकटं. पहिल्या दिवशी ऑक्सिजनचं मशीन चाललं, त्याचं तोंड मोठं, वाटी भरली. नंतर प्रत्येक दुपारी चमचाभर. प्रत्येक दुपारी. गॅसही एवढासाच संपला. मग त्या दुपारी जेवत कोण होतं? मोठं तोंड उपाशी होतं. लहान तोंड, माझा पंखा, जेवत होतं.

मी मोरीपाशीच बसले. फरशी गार होती.

जोडणीचा तुकडा म्हणे. मी घरभर शोधला, खिडकीखाली, ह्यांच्या पिशवीत, खुर्चीच्या गादीखाली. कुठून सापडणार? एका जागेत एकच वायर बसते, पोरीनं तसंच बनवलं होतं. त्या एका जागेत हे रोज दुपारी, मी झोपले की, आपली काढून माझी घालत होते. आणि मी उठायच्या आत परत आपली. वाकून, नळी गळ्यात लोंबत, त्या छातीनिशी. त्या दिवशी परत घालायचं झालं नाही.

यंत्र बंद पडलंच नव्हतं. त्या दिवशीही तळाशी चमचाभर होतं, कोरडी वाटी मी स्वतः ठेवली होती. ते चालूच होतं. माझ्यासाठी.

खिळ्याला दारातूनच दिसलं, कुठली वायर कुठं आहे ती. म्हणून आधी तिथं बसली. आजोबाला नाही बघितलं, आधी मला वाचवलं. आणि मी तिला मनात काय काय बोलले.

मला रडू येत नाही, राग येतो. पन्नास वर्षांत मला विचारून एक काम केलं नाही ह्या माणसानं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. मी न्हाणीघरात बसले असते की. बसून फरशी पुसली असती. तुमचा श्वास चोरून माझा घाम पुसायला कुणी सांगितलं होतं? आणि मी त्यांना बसून बसून सुजलात म्हटलं. चार घास जेवा म्हटलं.

पंखा मी माळ्यावर टाकायला काढला होता. परत ठेवला. तो टाकला तर त्यांचं केलंसवरलंही टाकल्यासारखं होईल. पण त्याच्यासमोर झोप येत नाही. उजवा कान आता उशीत घालत नाही. घरात ऐकण्यासारखं काही राहिलं नाही, तरी घालत नाही.

२५ मे, सकाळी

खिळे, ही वही मी तुला वाचून दाखवणार नाही. तुझ्या कागदावर ठेवतेय, तू वाच. सव्वीस एप्रिलपासून सुरू कर, पंख्यापासून. ते मी तुला वाचून दाखवताना गाळत होते. ते ऐकलं असतंस तर तबकडी बिघडली नाही हे तुला त्याच दिवशी कळलं असतं. आबांनी सांगू नको म्हटलं आणि मी नाही सांगितलं. हे आधी तुला सांगते, मग साहेबांना सांगेन.

तू तो कागद फाड. तुझं यंत्र फसलं नाही. एक वायर इकडची तिकडे झाली, आणि ती माणसानं केली, आपल्या मनानं. ह्याचं नाव तू थराला देऊ नकोस. डोंगराकडच्या त्या बायकांनी तुझ्या खोटेपणापायी मेणबत्तीवर बाळंत व्हायचं काही कारण नाही. आणि तिकडे तसं होत असताना मी इथे सुखानं चहा पीन असं वाटत असेल तर तू मला ओळखलंच नाहीस.

पुढच्या यंत्राच्या पेटीला मशीनची वायर अशी ठोकून बसव की कुणाच्या बापाला काढता येणार नाही. जीव लावणारी माणसं फार वाईट असतात, हे तुझ्या हिशोबात धर.

आता थर परत रचायला घे. एक कोपरा जरासा, मग तिरका समोरचा. घंटा वाजली तरी उठायचं नाहीस. दार मी उघडीन, वाटी टेबलावर ठेवीन. साहेब आधी तुझ्याकडे बघतील, तू मान खालीच ठेवायचीस. त्या दुपारी वारा मी खाल्ला. विचारतील त्याचं उत्तर मी देणार.